भोपळ्यांची हजेरी

आमच्या परड्यात कोवळ्या भोपळ्याकडं बोट दाखवायला बंदी आहे. दाखवायचंच झालं तर तर्जनी दुमडायची आणि तिच्या पेरानं दाखवायचं, नाहीतर नुसती हनुवटी उचलायची. चुकून सरळ बोट गेलंच, तर ते दाताखाली धरून हलकंसं चावायचं, म्हणजे दोष उतरतो. लग्न होऊन या घरात आले त्याच श्रावणात मला हे कळलं, कारण त्याच श्रावणात माझं बोट सरळ गेलं. "बोट दाखवू नको गे, कुजतंय ते!" आत्ती चुलीपुढनं ओरडल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्तीच म्हणतात. चार दिवसांनी तो लिंबाएवढा भोपळा पिवळा पडून गळाला.

तेव्हा मी हायस्कुलात नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. दिवसा फळ्यावर फुलाचा उभा छेद काढायचा, पुंकेसर, स्त्रीकेसर, अंडाशय अशी नावं लिहायची, आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या बोटानं भोपळा मेला हे ऐकून घ्यायचं. वाद घालायचं वय होतं, पण सून नवी होती.

त्याला आता सव्वीस वर्षं झाली. भोपळे येत राहिले, गळत राहिले, आणि गळालेल्या प्रत्येक भोपळ्याचं खापर कुणाच्या ना कुणाच्या बोटावर फुटत राहिलं. पाहुण्यांच्या, पोस्टमनच्या, एकदा तर गॅसची टाकी आणून देणाऱ्या पोराच्या. गेल्या पावसाळ्यात मी ठरवलं, एकदा नीट हजेरी घ्यायची. कुठला भोपळा कधी धरला, कधी गेला, कशानं गेला. मास्तरकीचा घरात दुसरा काही उपयोग नसला तरी हजेरी घेता येते.

बेळगावहून वेंगुर्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यानं हिंडलगा, सुळगा मागं टाकलं की उचगावच्या आजूबाजूला जी गावं आहेत त्यांतलं आमचं एक. तसंच पुढं गेलं की बाची, आणि मग शिनोळीला महाराष्ट्र लागतो. माती तांबडी, मसारीची. पाऊस बेळगाव शहरापेक्षा जास्त, कणकुंबीपेक्षा पुष्कळ कमी. तरी जुलैत एकदा झड लागली की आठ-आठ दिवस दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. हे कपड्यांचं उगीच सांगत नाही, भोपळ्यांपैकी पहिले दोन त्यातच गेले.

बी आत्तींचं. राखेत घोळून, फडक्यात बांधून, फडताळात ठेवलेलं. मे अखेरीस वळीव पडून गेला की उकिरड्याच्या कडेला आळं करून चार बिया टोचायच्या, त्यातला जोमदार एक वेल ठेवायचा. दोन पानांवर असताना तांबडे भुंगेरे येतात, त्यांच्यावर सकाळी दवातच चुलीतली राख फुंकायची. पुढं वेल वाढतो ते काही बघायचं काम नाही. बघितलं नाही तरी तो वाढतोच, आणि आठवडाभर लक्ष नसलं तर मोरीच्या नळावर चढलेला सापडतो.

जुलैच्या मध्याला फुलं लागली. भांड्याएवढी, पिवळीजर्द, आणि सगळी नर. भोपळ्याचं असंच असतं. आठ-दहा दिवस आधी नुसते नर येऊन बसतात, मग माद्या यायला लागतात, आणि त्याही नराच्या मानानं थोड्याच. आमच्याकडं नर फुलांना वांझ फुलं म्हणतात. नराला वांझ म्हणायची सोय आमच्या बोलण्यात आहे, हे मला फार आवडतं. एरवी हा शब्द कुणाला चिकटवतात ते सांगायला नको. ही वांझ फुलं आत्ती खुडून बेसनात बुडवतात, आणि पावसात ती भजी खाताना भोपळा धरला काय, नाही धरला काय, असं वाटतं. फक्त सगळी खुडू द्यायची नाहीत.

मादी फूल ओळखायला विज्ञानाची पदवी लागत नाही. पाकळ्यांच्या खाली गोटीएवढा गुळगुळीत, लवदार भोपळा घेऊनच ते उमलतं. आधी पोट, मग लग्न. कळीखालची ती गोटी बघून बायका म्हणतात, "भोपळा लागला." लागलेला नसतो अजून. ते नुसतं अंडाशय असतं, आणि परागकण मिळाले नाहीत तर तीन-चार दिवसांत पिवळं पडून गळून जातं. माझ्या लग्नाच्या वर्षीचा तो लिंबाएवढा भोपळा लिंबाएवढा नव्हताच बहुतेक. आठवणीत फळं मोठी होतात.

भोपळ्याचे पराग जड आणि चिकट. वाऱ्यानं उडत नाहीत, माशीच लागते. हा वेल मूळचा अमेरिकेचा, तिथं त्याच्याशी जन्माची गाठ बांधलेल्या खास माश्या आहेत. पहाटे फुलात शिरतात, आणि त्यांतले नर दुपारी मिटलेल्या फुलातच झोपून जातात. वेल समुद्र ओलांडून इकडं आला, त्या माश्या काही आल्या नाहीत. इथं ते काम आपल्या सातेरी माश्या आणि लाकूड पोखरणारे काळे भुंगे करतात, चांगलं करतात. पण झडीत कोण बाहेर पडतं? २८ आणि २९ जुलैला दोन माद्या उमलल्या. दोन्ही दिवस धार धरून पाऊस होता. फुलं पेल्यासारखी पाण्यानं भरली आणि आठ वाजायच्या आत मान टाकून बसली. हजेरीच्या वहीत पहिल्या दोघांपुढं मी 'पाऊस' असं लिहिलं. ही जुनी हजेरीचीच वही होती, मागची पानं कोरी राहिलेली.

मग ठरवलं, आपणच माशी व्हायचं. पहाटे उमललेलं ताजं नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या. मधे उरतो तो केसरांचा खांब, हळदीच्या बोटासारखा, हात लावला तर हळदीसारखाच पिवळा डाग पडतो. मादी फुलाच्या आत तीन भागांची, फुगीर, ओलसर अशी गादी असते. तो खांब तिच्यावर तिन्ही बाजूंनी हलक्या हातानं फिरवायचा. तिन्ही बाजूंनी, हे महत्त्वाचं. नंतर मादीच्या पाकळ्या वर गोळा करून दोऱ्यानं सैलसर बांधायच्या, म्हणजे पाणी आत जात नाही. देठाला लोकरीचा एक धागा, वहीत तारीख.

तिसऱ्या मादीकडं मी साडेदहाला गेले. ४ ऑगस्ट, सुट्टी नव्हती, पण पहिला तास मोकळा होता म्हणून उशिरा निघाले होते. मादी फूल मिटायला लागलेलं आणि नर आदल्या दिवशीचा, लुळा. तरी मनाचं समाधान म्हणून घासला. चौथ्या दिवशी 'गैरहजर'. भोपळ्याचं लग्न सकाळी नऊच्या आत लागतं, नंतर मुहूर्त नाही. शाळेत मी हे इतकी वर्षं शिकवते आणि घरी मीच उशिरा पोहोचले.

आमच्या भिंतीला भिंत लागून अक्का राहतात. माहेर बैलहोंगलकडचं, काळ्या मातीतलं. मराठी बोलतात ती आपली वेगळीच, आणि रागावल्या की कन्नडात जातात. मी लोकरीचा धागा बांधायला वाकले होते आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याला दाखवत होते, हा बघ, हा धरला. भिंतीवरनं आवाज आला, "टीचर, बेरळ तोरसब्याडरी!" बोट दाखवू नका. बैलहोंगल आणि उचगाव यांचं माती, पाऊस, भाषा, राजकारण यातलं काही जुळत नाही, पण बोट जुळलं. मग मराठीत म्हणाल्या, "मिडी हाय ते. मिडीला नजर लवकर लागतंय."

मिडी म्हणजे नुकतं धरलेलं कोवळं फळ. लोणच्याच्या बाळकैरीलाही कन्नडात मिडीच म्हणतात. आमच्या घरात त्याला नुसतं 'कवळं' म्हणायचे. मी तो शब्द उचलला, कारण त्या आठ-दहा दिवसांच्या जिवाला स्वतःचं नाव हवंच होतं. तो आता फूल नसतो आणि भोपळाही नसतो.

मिडी धरली की नाही हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. धरलेली असली तर तिचा देठ जाड होतो, आभाळाकडं बघणारी मान हळूहळू खाली वळते आणि अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी येते. न धरलेली तशीच ताठ राहते, आधी फुलाच्या टोकाकडनं फिकी होते, मग सुरकुतते. एकदा धरली की मात्र वाढ बघून छाती दडपते. मी मधोमध दोरा गुंडाळून माप घ्यायची. सकाळच्या मापात आणि संध्याकाळच्या मापात फरक थोडा, संध्याकाळच्या आणि दुसऱ्या सकाळच्या मापात जास्त. दिवसभर ती एवढाली पानं पाणी उडवत असतात. ती निवली की मुळांनी ओढलेलं पाणी फळाकडं जातं. भोपळा रात्री वाढतो. आपण झोपलेले असताना अंधारात काहीतरी फुगत असतं, हे कळल्यावर मी दोन रात्री बॅटरी घेऊन बाहेर गेले. काही दिसलं नाही, बेडूक तेवढे दिसले.

चौथी मिडी ७ ऑगस्टची, लाल धाग्याची. सहा दिवसांत मोसंब्याएवढी झाली. सातव्या दिवशी तिच्या अंगावर एक थेंब दिसला. मधाच्या रंगाचा, मोहरीएवढा, वाळून कडक झालेला डिंक. नखानं काढला तर खाली सुईनं टोचल्यासारखं भोक. फळमाशी. दिसायला गांधीलमाशीची धाकटी बहीण, तांबूस-पिवळी, पंखांवर काळपट पट्टे. मादीच्या पोटाला टोकदार नळी असते, ती कोवळ्या सालीत खुपसून आत अंडी घालते. साल एकदा नखाला दाद देईनाशी झाली की तिचं फारसं काही चालत नाही, म्हणून तिला मिडीच हवी असते. आणखी तीन-चार दिवसांनी त्या जागेला खळगा पडला, मी फळ तोडून चिरलं. आत पांढऱ्या अळ्या. त्यातली एक अंगाची कमान करून ताटलीतनं चक्क उडी मारून बाहेर पडली. मी किंचाळले, आणि आत्ती हसल्या. त्यांनी असे भोपळे जन्मभर उकिरड्यावर फेकले. पण या अळ्या मातीत शिरूनच कोष करतात आणि माशी होऊन वर येतात, म्हणजे आम्ही दर वर्षी उकिरड्यावर पुढच्या माश्यांची पेरणी करत होतो. तो भोपळा मी दीड हात खोल पुरला.

बाजारात यासाठी सापळे मिळतात, नर माश्यांना भुलवणाऱ्या वासाचे. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या बागवानी संशोधन संस्थेनं तर 'अर्का सूर्यमुखी' नावाचा, या माशीला दाद न देणारा छोटा नारिंगी भोपळा काढलाय. पण आत्तींच्या फडक्यातल्या बियांपुढं संस्थेचं बी कोण आणणार? मी पिशव्या घालायचं ठरवलं. आधी घटक चाचणीच्या जुन्या पेपरांच्या केल्या. एका सरीत त्यांचा लगदा झाला आणि एका मिडीच्या अंगावर माझ्याच लाल पेनातले गुण उमटले, दहापैकी तीन. मग आत्तींनी पेटी उघडली आणि मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मलमलीचं जुनं धोतर माझ्यापुढं टाकलं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. "फाड की," म्हणाल्या. मी कात्री घेऊन बराच वेळ नुसती बसले होते. शेवटी त्यांनीच टोकाला दात लावून टर्रकन फाडलं.

त्या धोतराच्या पिशव्या उत्तम झाल्या. सैल घालायच्या, देठापाशी नाडी, फळाला फुगायला जागा ठेवायची, दोन-तीन दिवसांनी उघडून गोगलगाय शिरलीय का बघायचं, आणि पंधरा दिवसांनी काढून टाकायच्या. माशीनं नंतर एकही मिडी टोचली नाही.

आता पाचवीचं सांगते. ते सांगायला मला अवघड जातंय, म्हणून मधे धोतराचं लांबवलं.

पाचवी ९ ऑगस्टची, निळा धागा. सगळ्यांत देखणी. तिच्याखाली मी भाताचं पिंजर घातलं होतं, ते भिजून कुजायला लागलं तसं काढून एक खानापुरी कौल सरकवलं. ओल्या जमिनीवर टेकलेला भोपळा बुडातनं सडतो, कौलावर कोरडा राहतो. वेल जिथं जिथं जमिनीला टेकत होता तिथल्या पेरांवर मूठभर माती घातली होती, पेरातनं नवी मुळं फुटतात आणि वेलाला जास्तीची तोंडं मिळतात. सगळं पुस्तकात असतं तसं चाललं होतं. दोन आठवड्यांत ती नारळाएवढी झाली. रविवार होता. माझ्या मनात आलं, खालची बाजू पांढरट राहिलीय, तिला जरा ऊन दाखवावं. दोन्ही हातांनी धरून फिरवली. पाव वळण, त्याहून जास्त नाही.

कट् असा आवाज आला. काकडी मोडल्यावर येतो तसा.

बाहेरून काही दिसत नव्हतं. देठ वेलाला जिथं मिळतो तिथं केसाएवढी चीर. मी तिच्यावर ओली माती लिंपली, चिंधी बांधली. तीन दिवस फळाची चकाकी टिकली आणि मग गेली. पाचव्या दिवशी अंगठा दाबला तर आत गेला. सकाळी आत्ती परड्यात उकिडव्या बसून तिच्याकडं बघत होत्या. "बोट दाखवलं व्हतंस काय गे?"

मी म्हटलं, "व्हय."

सव्वीस वर्षं ज्या समजुतीला मी मनातनं हसले, तिच्या आड त्या सकाळी मी लपले. बोट दाखवलं म्हणणं सोपं होतं. हातानं मोडलं म्हणवेना. आत्तींच्या समोर मी तर्जनी दाताखाली धरली आणि चावली. वहीत पाचवीपुढं काहीच लिहिलं नाही, अजून ती जागा कोरी आहे.

पुढं वाचनात आलं की परदेशात स्पर्धेसाठी राक्षसी भोपळे वाढवणारे लोक सगळ्यांत जास्त याच जागेला भितात. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथं १,२४७ किलोच्या आसपासचा भोपळा आला होता. आमची मारुती गाडी भरेल एवढं वजन. ही माणसं फळ धरल्या धरल्या वेलच हळूहळू, रोज थोडा थोडा, फळापासून वळवत नेतात, म्हणजे फळ फुगलं तरी देठावर ताण येत नाही. वेल हलवायचा, भोपळा नाही. आणि हलवायचाच झाला तर उन्हं तापल्यावर, देठ जरा लवचीक असताना. मी पहाटे, देठ पाण्यानं तटतटलेला असताना फिरवला होता.

सहावीचं फार सांगायचं नाही. मोसंब्याएवढी असताना ती एका दुपारी नाहीशी झाली, पिशवी तेवढी वेलाला लोंबत होती. मी अजून काही विचारलंही नव्हतं, तोच अक्कांचा नातू भिंतीवर चढून म्हणाला, "टीचर, मला भोपळा आवडतच नाही." अक्का आतनं म्हणाल्या, "कुंबळकाई कळ्ळ अंदरे हेगल मुट्टी नोडकोंडनंत." भोपळाचोर म्हटल्याबरोबर त्यानं खांदा चाचपून बघितला. आपली चोराच्या मनात चांदणं म्हणण्याची तऱ्हा. ही कन्नड म्हण खरं तर कोहळ्याची असणार, कारण खांद्यावर पांढरी राख उमटते ती कोहळ्याची, भोपळ्याची नाही. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला, स्टंप म्हणून उभ्या केलेल्या विटांच्या मागं, आमची मिडी दोन तुकडे होऊन पडलेली सापडली. चेंडू हरवला होता म्हणे.

सातवी १५ ऑगस्टची. त्या दिवशी झेंडावंदन, इस्त्रीची पांढरी साडी, सातला शाळेत हजर व्हायचं. सहाला नर फूल घेऊन वाकले आणि टपटप सुरू झाली. पदर सावरत एका बाजूनं घासलं, दोऱ्याची गाठ मारली आणि पळाले. तरी धरली. पण धरल्यापासूनच एका अंगानं फुगायला लागली, दुसरं अंग चपटं. दाढ दुखून गाल सुजल्यासारखी.

आठवी वेलाच्या ज्या फांदीला लागली ती फांदी भिंतीवरनं अक्कांच्या बाजूला उतरली होती. वेलीला सीमा कळत नाही वगैरे मी लिहिणार नाही. वेलीला कुंपण चांगलं कळतं, म्हणून तर ती त्याच्यावर चढते. फळ अधांतरी लोंबायला लागलं तसं अक्कांनी जुन्या साडीचा झोळ करून भिंतीतल्या सळीला बांधला आणि त्याचं नाव ठेवलं तोट्टिल, पाळणा. वर फळ, खाली झोळ, आणि जाता-येता अक्कांचा हात. तरी ती टिकली. मला वाटतं त्या हात झोळाला लावत होत्या, फळाला नाही.

नववी, दहावी आणि अकरावी आठवड्याच्या आत एकामागोमाग आल्या. २१, २२ आणि २६ ऑगस्ट. पाऊस उघडला होता, माश्या फिरत होत्या, वर मी तिन्ही बाजूंनी मन लावून परागही लावले होते. तिन्ही धरल्या, माना वळल्या, चकाकी आली. आणि नववी, अकरावी अंड्याएवढ्या झाल्यावर पिवळ्या पडून गळाल्या. टोचलेल्या नव्हत्या, भिजलेल्या नव्हत्या, कुणी हात लावला नव्हता. चिरून बघितल्या, आत कीड नाही.

इथं मला बोटवाल्यांबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. सगळं नीट करून मिडी मरते तेव्हा माणूस कशाला दोष देणार? आमच्या शाळेतल्या हिंदीच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, तुलसीदासाच्या रामचरितमानसात लक्ष्मण परशुरामाला हेच सुनावतो, तर्जनी बघून मरून जायला इथं कुणी कुम्हडबतिया नाही. कुम्हडबतिया म्हणजे कुम्हड्याची मिडी. सोळाव्या शतकातली गोष्ट. कुम्हडा म्हणजे तेव्हा कोहळाच असावा. तांबडा भोपळा नंतर जहाजातनं आला, आणि कोहळ्याची बदनामी त्याच्या वाट्याला वारसाहक्कानं आली असावी.

खरा हिशेब वेलाचा असतो. बिया धरल्या की त्यांच्यातनं संप्रेरकं निघतात, ती वेलाला सांगत राहतात की रस इकडं पाठव. आधी धरलेली, मोठी झालेली फळं जास्त जोरानं ओढतात. एका वेलाला दोन-तीन फळं पोसवतात, त्यावरचं ओझं तो स्वतःच टाकतो, आणि टाकताना बहुतेक धाकट्यांतलंच टाकतो. बोट कुणाचंच नसतं. याच हिशेबानं पाचवी गेली म्हणून दहावी राहिली असणार. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय, पण त्यानं कट् आवाज जात नाही.

मग मी वेलाचे शेंडे खुडले, म्हणजे नवी पालवी रस खाणार नाही. शेंड्यांची भाजी झाली, लसूण घालून. फळांकडं बघणं सोडलं. सप्टेंबर अखेरीला पाणी तोडलं. भुरी येऊन पानं पांढरी झाली, ती होऊ दिली. दसऱ्याच्या सुमाराला, गावातल्या गाड्यांपुढं कोहळे फुटत होते तेव्हा, आमच्या तीन भोपळ्यांचे देठ लाकडासारखे झाले, नख उमटेना. चार बोटं देठ ठेवून तोडले आणि आठ दिवस पत्र्यावर उन्हात दिले. देठ मोडका असला तर भोपळा तिथनंच नासतो, हे मला आता कुणी शिकवायला नको.

अकरापैकी तीन. टक्केवारीत सत्तावीस. आमच्या कर्नाटकात दहावीच्या परीक्षेला २०२५ पर्यंत पस्तीस लागायचे.

आठवा अक्कांचा, त्यांच्या बाजूला पिकला म्हणून. त्यांनी दिवाळीला डबा भरून गारिगी पाठवली. आपले घारगेच ते, गूळ जरा जास्त. दहावा चार किलो सहाशे भरला, लेकीनं पुण्याला नेला. आमच्याकडं उरला तो सातवा, सुजलेल्या गालाचा.

अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही, हीसुद्धा आमच्याकडं बंदी आहे. नवऱ्यानं पेपर खाली ठेवून एक वार केला आणि परत पेपर उचलला. बाकीचं विळीवर मी केलं. दोन फाका झाल्या आणि मी थांबले. फुगीर बाजूच्या गरात बिया ओळीनं, टपोऱ्या, दुधाळ, बोटानं दाबल्या तर घट्ट. चपट्या बाजूला बियांची नुसती टरफलं. आकार बियांचा, आत काही नाही, कागदासारखी. १५ ऑगस्टची ती घाईची सकाळ तशीच्या तशी आत होती.

आत्ती शेजारी बसून बिया निवडत होत्या. पोकळ बी अंगठ्याखाली चेपायची आणि बाजूला सारायची. मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी पाऊस आला, एकाच बाजूनं पराग लावले, म्हणून हे असं. त्यांनी मान हलवली. दोन-चार बिया निवडून झाल्यावर म्हणाल्या, "त्या नारळाएवढ्याचा देठ मी बघितला हुता."

मी विळीवरनं हात काढला. "मग बोलला का नाहीसा?"

"बोट चावलीस की तू," आत्ती म्हणाल्या, आणि भरल्या बिया राखेच्या ताटलीत ओढल्या.